मंगळवारची पुडी

१४ जून

धाकटे,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची आपल्या घरची सवय, पण यावेळी पेन तिथे टेकत नाही. अकरा दिवस रोज कागद घेऊन बसते, 'धाकटे' एवढं लिहिते आणि घडी करून ठेवून देते. आज पुढे जायचंच असं ठरवलंय.

मी आले नाही. तू विचारणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू गप्प बसशील आणि आतल्या आत जळशील. तर ऐक, आमच्या सासूबाई अडल्या होत्या. सासूबाई म्हणजे ती लाथाळ काळी-पांढरी गाय, जिच्या चित्रात तुझी भिंगरी शिंगांच्या जागी अंबाडा काढायची. वासरू आडवं आलं होतं आणि जनावरांचे डॉक्टर बाहेरगावी. मला गोठा सोडता आला नाही. बस गेली, पुढची दोन दिवसांनी, आणि तोवर तुमच्याकडे सगळं उरकलेलं. असं झालं.

भिंगरीच्या बाबांचं पत्र आलं, त्यात चारच ओळी होत्या. पाण्याचा पाइप फुटून त्यात गटार शिरलं, धरणावरच्या कामगारांच्या वसाहतीत जुलाबाची साथ आली, गुरुवारी दुपारी पोरीला सुरू झालं, शुक्रवारी संध्याकाळी ती गेली. सलाइन घेऊन येणारी गाडी घाटात बंद पडली असंही होतं. साडेचार वर्षांचं पोर एका दिवसात संपतं हे मी गोठ्यातल्या वासरांच्या बाबतीत पाहिलंय. पण वासराची गोष्ट वेगळी, असं आपण म्हणतो.

तू जेवतेस का? पाळणाघर पुन्हा उघडलंस का? लोकांची पोरं पाहवत नसतील तर महिनाभर दुसऱ्या कोणाकडे दे. धरणाचं काम काही तुझ्यावाचून अडणार नाही.

आणि शिंपीणबाईंची नात कशी आहे? तिला काही त्रास झाला नाही ना? तेवढं नक्की कळव.

तुझी ताई

२ जुलै

धाकटे,

तुझं उत्तर नाही. मी टपालवाल्याची वाट पाहणं सोडलं असं सगळ्यांना सांगते आणि सायकलची घंटा वाजली की बादली हातातच घेऊन फाटकाशी जाते. काल तो म्हणाला, "बाई, असेल तर मी देणार नाही का?" खरंच आहे त्याचं.

इकडे काम चालू आहे. चालू म्हणजे, गायी काही आपल्या दुःखासाठी व्यायच्या थांबत नाहीत. या आठवड्यात दोघी व्याल्या. व्याल्यापासून दोन तासांच्या आत चीक काढायचा, काचेची तरंगती नळी त्यात सोडायची, नळी हिरव्या खुणेपर्यंत वर राहिली की माल घट्ट. मग बर्फाच्या हौदात कॅन ठेवायचा आणि त्यावर गाईच्या कानातला नंबर लिहायचा. बावीस वर्षं हेच करते आहे. डोळे बांधून माझ्यापुढे दोन वाट्या ठेवा, चीक कुठला आणि दूध कुठलं ते नुसतं बोट बुडवून सांगेन. हा माझा तोरा तुला माहीतच आहे. तू मला नेहमी चिडवायचीस की ताई नवरा पारखायला चुकली पण दूध पारखायला चुकायची नाही.

मागच्या वर्षी तुम्ही सगळे आला होतात तेव्हा भिंगरीने मला विचारलं होतं की गाईला सुई का टोचता, ती कुठे आजारी आहे. मी तिला सांगितलं, या सुईत मेलेले जंतू आहेत, जुलाबाचे. मेलेला चोर दाखवून पहारेकऱ्याला म्हणायचं, हा चेहरा नीट बघून ठेव. गाय गाभण असताना तीनदा दाखवला की तिच्या अंगात त्या चोराला धरणारे पहारेकरी तयार होतात, आणि ती व्याली की सगळे तिच्या चिकात उतरतात. ते मुलांच्या पोटात गेले की जंतूला आतड्याला चिकटू देत नाहीत. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग वासराला काय उरतं?"

त्याला दुसऱ्या, सुई न टोचलेल्या गाईचा चीक देतो, असं मी सांगितलं. ते तिला पटलं नव्हतं. त्याच्या आईचं ते, ते त्याचं, म्हणाली. मला ते आता सारखं आठवतं. आपण कोणाच्या तरी तोंडचा घास काढतो तेव्हा त्याला दुसरं काहीतरी देतो आणि हात झटकतो.

शिंपीणबाईंच्या नातीचं तू कळवलं नाहीस. मी एवढी चौकशी का करते म्हणशील. मुलगी शेजारची आहे, भिंगरीच्या जोडीची आहे, म्हणून.

तुझी ताई

१९ जुलै

धाकटे,

आज यादी उघडली.

तुला ठाऊक आहेच, पण मला ते नीट लिहून काढायचंय. तुमच्या वसाहतीतली साठ मुलं, जुलाब रोखायला प्रत्येकाला रोज एक पुडी, साठ खोके, प्रत्येक खोक्यावर मुलाचा नंबर. तीस खोक्यांत खरी, चिकाची पूड. तीस खोक्यांत साधी दुधाची पूड. कोणाला कुठली हे कोणालाच माहीत नाही, देणाऱ्या तुलाही नाही आणि बनवणाऱ्या आम्हालाही नाही, म्हणजे मनासारखा निकाल लावून घ्यायची सोय राहू नये. यादी दूरच्या एका कचेरीत बंद पाकिटात होती. मोठ्या बाईंनी ते सगळ्यांसमोर फोडलं आणि यादी वाचली.

साध्या पुडीवरची चौदा मुलं आजारी पडली, सगळी वाचली. खऱ्या पुडीवरची तीन आजारी पडली. त्यांतली दोन वाचली.

सतरा नंबर, खरी पूड, असं बाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. भिंगरी माझी भाची हे त्यांना मागाहून कळलं होतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फार वाईट वाटतं हो." मी मान हलवली. अठरा नंबर, साधी पूड, असं त्यांनी पुढे वाचलं आणि मला उठून बाहेर जावं लागलं.

आता वरून पत्र आलंय की ज्या पुडीवर मूल दगावलं ती पुढे द्यायची नाही. काम बंद. गायी विकणार असं बोलतात. बाई दिवसभर खोलीचं दार लावून बसल्या होत्या.

ही यादी घराघरांत पाठवणार आहेत. तुलाही येईल. धाकटे, ती वाचू नकोस. चुलीत घाल. का ते मी आज सांगू शकत नाही.

ताई

५ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र आलं. दोन महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. तू माझी माफी मागितली आहेस.

ते पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर कागद फाटला. तू लिहिलंयस, "ताई, तू तिकडे जीव तोडून काम केलंस. माझ्या पोरीला खरी पूड मिळाली होती. मी मंगळवारी विसरले. वसाहतीतल्या सगळ्या पोरांना ओळीने बसवून पाजली आणि माझीच घरी झोपली होती, तिची राहिली. एक पुडी चुकली आणि तीन दिवसांत ती गेली. तुझं कामही माझ्यामुळे बुडालं. तू आली नाहीस ते बरोबरच केलंस." आणि खाली लिहिलंयस की ती न पाजलेली पुडी तुझ्या उशीखाली आहे, आणि भिंगरीचे बाबा ती फेकून दे म्हणतात, आणि तू फेकत नाहीस.

आता मी जे लिहिते ते पुरतं वाच. मधे कागद टाकून देऊ नकोस, नंतर हवं तर टाक.

सासूबाई अडल्या नव्हत्या. त्या आठवड्यात त्या गाभणही नव्हत्या. मी पिशवी भरली होती, स्टँडवर आले होते, बस माझ्यासमोर लागली, भरली आणि सुटली. मी बाकावर बसून राहिले. मला तुझ्या दारात शिंपीणबाईंची नात दिसेल याची भीती वाटली.

एप्रिलमध्ये खोके पाठवायच्या दिवशी पॅकिंगच्या दोघीजणी आल्या नव्हत्या, म्हणून मला गोठ्यावरून बोलावलं. बोळात लांब टेबलावर साठ खोके ओळीने मांडले होते. मला फक्त ते पेट्यांमध्ये भरून दोरी बांधायची होती. तू आधीच कळवलं होतंस की भिंगरीचा नंबर सतरा आणि शेजारच्या नातीचा अठरा, दोघी जोडीनेच बसतात. पॅकिंगच्या वहीत सही करताना मी ते कोणाला बोलले नाही. बोलले असते तर मला तिथे उभंही केलं नसतं.

प्रत्येक खोक्यात दोन पुड्या जास्तीच्या असतात. मी सतरामधली एक काढली आणि नखाने कोपरा फाडला. पूड पांढरट होती. अठरामधली फाडली. ती पिवळी होती, धाकटे. चिकासारखी, पहिल्या धारेसारखी पिवळी. बावीस वर्षं ज्या रंगात माझे हात बुडालेत तो रंग.

मी विचार केला नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. विचार केला. माझ्या गायींचा चीक, मी काढलेला, आणि तो शेजारणीच्या नातीला मिळणार आणि माझ्या भिंगरीला नुसतं दूध. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं मनात म्हटलं आणि दोन्ही खोक्यांतल्या पुड्या अदलाबदल केल्या. पुड्यांवर नंबर नसतो, फक्त खोक्यावर असतो. तीन मिनिटं लागली. पेट्या बांधल्या, दोरीला गाठ मारली, हात धुतले आणि गोठ्यावर परत गेले. त्या संध्याकाळी मी गाणं म्हणत धारा काढल्या. हेही तुला कळायला हवं.

जूनमध्ये भिंगरी गेली तेव्हा मला वाटलं, खरी पूड देऊनही ती गेली आणि एका परक्या पोरीचा घास मी फुकट हिरावला. म्हणून मी शिंपीणबाईंच्या नातीचं विचारत होते. ती मेली असती तर ते माझ्या माथी होतं. तेवढंच पाप माझ्या खात्यावर आहे असं मी जुलैपर्यंत धरून चालले होते.

मग यादी वाचली. सतरा, खरी. अठरा, साधी. म्हणजे मी हात लावायच्या आधी.

मी बोळातून पळत सुकवण्याच्या खोलीत गेले आणि तिथल्या बाईला विचारलं की खरी पूड पांढरी का. ती हसली. म्हणाली, चिकातली साय आधी काढून टाकतो ना, पिवळेपणा सगळा सायीबरोबर जातो. साधी पूड त्याहून पांढरी दिसू नये म्हणून तिला रंग देतात, आणि यावेळी तो जरा जास्त पडला. साय काढली की दुधाचा रंग जातो हे तुलाही माहीत आहे, कोणालाही माहीत असतं. मी रोज बघते. त्या दिवशी आठवलं नाही. मला फक्त पिवळं दिसलं.

तर तुझ्या पोरीच्या नावाने खरी पूड आली होती. ती मी काढून घेतली आणि माझ्या हाताने तिच्या खोक्यात रंगवलेलं दूध घातलं.

तू मंगळवारी काहीही विसरली नाहीस. नीट वाच. ती पुडी पाजली असतीस तरी काही झालं नसतं. रोजच्या पाजल्यास त्यांनीही काही झालं नाही. तू दिलंस ते नुसतं दूध होतं. तू आई म्हणून कुठेही कमी पडली नाहीस. चूक माझी आहे, सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि तिच्यात तुझा वाटा मोहरीएवढाही नाही.

तुझा विश्वास बसणार नाही. तुला वाटेल ताई माझं ओझं काढायला गोष्ट रचते आहे, लहानपणी फुटलेल्या बरणीचा आळ मी माझ्यावर घ्यायचे तशी. म्हणून मागते आहे, ती उशीखालची पुडी मोठ्या बाईंच्या नावाने पाठव. भिंगरीच्या खोक्यातली तेवढीच आता जगात उरली आहे, बाकीच्या साथीनंतर जाळल्या असं तुझ्याच पत्रात आहे. ती तपासली की कळेल. तुझ्या हातून ती राहिली म्हणून आज खरं काय ते सिद्ध करता येतंय. पुड्या पाजल्याची नोंद केलेला तक्ता असेल तर तोही पाठव, बाईंना लागेल.

हे पत्र पेटीत टाकून मी तशीच बाईंच्या खोलीत जाणार आहे. दार लावलेलं असलं तरी ठोठावणार आहे.

मला ताई म्हणू नकोस. मी खाली सही करत नाही.

३० ऑगस्ट

धाकटे,

पुडी आली. पाकिटावर मोठ्या बाईंचं नाव तुझ्या अक्षरात होतं. मला चिठ्ठी नव्हती. बाईंना दोन ओळी होत्या, त्या त्यांनी मला वाचून दाखवल्या, "तपासून निकाल मला कळवावा. शिंपीणबाईंना यातलं काही सांगू नये, त्यांची नात रोज माझ्याकडे खेळायला येते."

निकाल बाई तुला रीतसर कळवतीलच. मी तिथे होते म्हणून मीही सांगते. बाईंनी मला त्या दिवशी रागावलं नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या की सतरा नंबर तुमच्या घरचा आहे हे एका शब्दाने बोलला असतात तर मी तुम्हाला त्या टेबलापाशी फिरकू दिलं नसतं. कामावरून माझं नाव त्याच दिवशी कमी झालं. तपासणीला मला बोलवायची त्यांना गरज नव्हती, तरी बोलावलं.

त्यांनी एका काचेवर आमच्याकडे जपून ठेवलेली खरी पूड पाण्यात कालवून घेतली, दुसऱ्या काचेवर तुझी. दोन्हींत मेलेल्या जंतूंचा एकेक थेंब टाकला. खरी असेल तर जंतू एकमेकांना चिकटतात आणि रव्यासारखे दाणे धरतात. पहिल्या काचेवर मिनिटभरात दाणे धरले. दुसऱ्या काचेवर काहीच झालं नाही. बाईंनी ती हलवली, उजेडापुढे धरली, पाच मिनिटं थांबल्या, पुन्हा धरली. साधं दूध होतं, थोडं पिवळं.

बाईंनी वर लिहून पाठवलंय की दगावलेलं मूल खऱ्या पुडीवर नव्हतं. काम पुन्हा सुरू होईल का ते माहीत नाही. गायी अजून आहेत. सासूबाईंना नवीन माणसाने हात लावला की त्या बादली उडवतात, असं ऐकते.

त्या मंगळवारमुळे ती गेली नाही, हे आता कागदावर आहे. त्यावर सही-शिक्का आहे. तो कागद तू उशीखाली ठेव.

मला उत्तर नको. येऊ का असंही मी विचारणार नाही. तू दार उघडलंस तर मला उभं राहता येणार नाही आणि नाही उघडलंस तर ते बरोबरच असेल.

एकच सांगायचं राहिलं. पाकिटात तू पाळणाघराचा तक्ता घातला होतास. बाईंनी लागतील त्या तारखा उतरवून घेतल्या आणि तक्ता माझ्यापुढे सरकवला. सतरा नंबरची ओळ वेगळ्या कागदावर आहे, तू घरी भिंतीला लावत असशील, खिळ्याचं भोक आहे. वर तुझ्या अक्षरात 'पूड' लिहिलंय. ते खोडून खाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत कोणीतरी 'मावशीचं दूध' लिहिलंय. 'ध' उलटा आहे. तिला लिहिता यायला लागलं होतं हे मला माहीत नव्हतं.

बावीस एप्रिलपासून दोन जूनपर्यंत. मंगळवारचा चौकोन रिकामा आहे. बाकीच्या प्रत्येक चौकोनात तिने फुली न मारता पेला काढलाय, छोटा, तळाशी रेघ ओढून, रिकामा केल्याचं दाखवायला.

एक्केचाळीस पेले आहेत. तिने सगळे संपवले होते.